विद्येचा वाटा

आमच्याकडं भावाभावांत वाटणी निघाली की सगळं मोजलं जातं. रान मोजतात, विहिरीचं पाणी वारांवर वाटतात. बांधावरची आंब्याची झाडं, गोठ्यातली जनावरं, तांब्याचा हंडा, जातं, पाटा-वरवंटा, सगळ्याला वाटा पडतो. एका घरात तर मी घोंगडं मधोमध फाडलेलं पाहिलंय. कर्जसुद्धा वाटून घेतात. पण घरातला एकजण शिकलेला असला आणि घरानं पोटाला चिमटा काढून त्याला शिकवलेलं असलं, तर त्या शिक्षणाचं काय करायचं? ते कुणाच्या वाट्याला धरायचं? शिकलेल्याच्या, की ज्यांनी शिकवलं त्यांच्या? का ते वाटणीच्या बाहेरचंच? यावर पंच काही बोलत नाहीत. विद्येला सातबारा नसतो, म्हणून तिचा विषयच निघत नाही.

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तो माझ्याच घरात उभा राहिला, आणि तोही भांडणाच्या वेळी नव्हे, चांगलं चाललेलं असताना. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. पावसाच्या सावलीचा मुलूख. रान नऊ एकर, त्यातलं दीड एकर विहिरीखाली, बाकी बाजरी-ज्वारीचा माळ. आम्ही तिघं भावंडं. थोरला मी, मधला भाऊ, धाकटी बहीण. १९७२ च्या दुष्काळात आमचा बाप आणि आई दोघंही खडी फोडायला होती. सुकडी खाऊन आम्ही पोरं जगलो, पण बापाची कंबर त्या खडीवर गेली ती गेलीच. १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली, त्या पहिल्या घाण्यातला मी. पास झालो. पण घरी औत धरायला दुसरा माणूस नव्हता. कुणी मला ‘शाळा सोड’ असं म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही. जूनमध्ये वळीव पडला, बैल दावणीला उभे होते, मी कुळव जुंपला. एवढंच झालं.

भाऊ माझ्या मागनं तीन वर्षांनी दहावी झाला. गणितात त्याची मान कधी खाली गेली नाही. गुरुजी घरी येऊन म्हणाले, ह्याला साताऱ्याला घाला. मग घातला. त्या वेळी ई.बी.सी.ची सवलत होती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, वर्षाचं उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्यांच्या पोरांना फी माफ झाली आणि नुसत्या आमच्या भागातून किती पोरं कॉलेजची पायरी चढली त्याची गणती नाही. पुढं ती मर्यादा वाढत गेली. तलाठ्याचा दाखला जोडला की फीचा प्रश्न मिटायचा. उरायचं ते पोटाचं. खोलीचं भाडं तिघाचौघांत वाटून जायचं, पण खाणावळ परवडायची नाही. म्हणून डबा.

आता हा डबा काय होता ते शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. पहाटेच्या पहिल्या एसटीनं गावोगावचे डबे साताऱ्याला जायचे. ॲल्युमिनियमचा डबा, त्यावर फडक्यात बांधलेल्या भाकरी, फडक्याच्या गाठीला नावाची चिठ्ठी. कंडक्टर ते ड्रायव्हरच्या मागं रचून ठेवायचा. साताऱ्याच्या स्टँडवर पोरं येऊन आपापला डबा उचलायची, आणि कालचा रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा. पश्चिम महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी एसटीच्या डब्यावर पदवीधर झाली आहे. आमचा डबा पाच वर्षं गेला. तो स्टँडवर न्यायचा मी. त्यातली बाजरी-ज्वारी पिकवायचो मी. पण पहाटे चारला उठून चुलीपुढं बसून भाकरी थापायची माझी बहीण. ती सातवीपर्यंत शिकली. गावात सातवीपर्यंतच शाळा होती. पुढची शाळा तीन मैलांवर, आणि ती सातवी झाली तेव्हा आईला घरात हात हवा होता. तिच्याही बाबतीत कुणी ‘सोड’ असं म्हटलं नाही. पुढच्या वर्षी डबा सुरू झाला आणि तो तिच्याच अंगावर पडला.

भाऊ बी.एस्सी. झाला. पुण्यात सरकारी खात्यात लागला. लग्न झालं, दोन खोल्यांचं घर झालं. आता पेन्शन घेतो. माणूस चांगला आहे. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर भावांच्या वाटणीची गोष्ट म्हटली की वाचक एकाला वाईट ठरवूनच बसतो.

आई गेल्यावर, २०१६ साली, वाटणीचा विषय निघाला. तेव्हा पारावरची माणसं मला म्हणू लागली, “त्याला पगार हाय, उद्या पेन्शन हाय, तुला काय हाय? त्याचं शिक्षण वाटणीत धर. रान तुझं, विद्या त्याची. फिटलं.” ऐकायला ते वावगं वाटत नव्हतं. पाच वर्षांच्या डब्याचा, एका सालात विकलेल्या बैलाचा, आईच्या बोरमाळेचा हिशेब घातला तर बोलणं रास्तच होतं. मी तालुक्याच्या कोर्टातल्या एका जुन्या वकिलांकडं गेलो आणि सरळ विचारलं, की शिक्षण वाटणीत धरता येतं का?

वकील हसले. म्हणाले, “तुमचा प्रश्न शंभर वर्षं उशिरा आलाय.” आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलो नाही.

जुन्या हिंदू धर्मशास्त्रात ‘विद्याधन’ असा शब्दच आहे. विद्येच्या जोरावर मिळवलेलं धन. ते कुणाचं, याचा नियम होता. परक्याचं अन्न खाऊन, परक्याकडं शिकला असेल, तर कमाई त्याची एकट्याची. घरच्या अन्नावर शिकला असेल, तर कमाईत घराचा वाटा. इंग्रजांच्या कोर्टांनीही हाच धागा धरला. नुसतं लिहिणं-वाचणं शिकवलं तर धरायचं नाही, पण धंद्याचं खास शिक्षण घरच्या पैशानं दिलं असेल तर त्याची कमाई एकत्र कुटुंबाची. १९२१ साली तर प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. एकजण कुटुंबाच्या पैशानं शिकून आय.सी.एस. झाला होता. कोर्टानं ठरवलं, त्याची कमाईसुद्धा एकत्र कुटुंबाची मिळकत. मग १९३० साली नवा कायदा झाला. शिक्षणाचा खर्च कुणीही केलेला असो, विद्येवर मिळवलेलं धन ज्यानं मिळवलं त्याचं. हा कायदा पुढं रेटणारे गृहस्थ म्हणजे मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. तेच पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठातल्या ज्या जयकर ग्रंथालयात खेड्यातली पोरं परीक्षेचा अभ्यास करत बसतात, ते त्यांच्याच नावाचं. त्या पोरांना हे कुणी सांगितलेलं नसेल, की तुमच्या पहिल्या पगारावर तुमच्या चुलत्याचा हक्क लागत नाही, तो याच माणसामुळं.

वकिलांकडून निघालो आणि घरापर्यंत चालत आलो. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की जुना नियम किती बरोबर होता! ज्यानं पेरलं त्याला पिकात वाटा. शेतकऱ्याला हे पटवून द्यावं लागत नाही. बटईनं रान केलं तरी अर्धं पीक मालकाला जातं. मग दुसऱ्याच्या कष्टावर शिकलेल्या माणसानं अर्धा पगार का देऊ नये?

पण चार दिवस विचार केला तसं त्यातलं दुसरं दिसायला लागलं. पीक एका सालाचं असतं. सुगी झाली, रास झाली, वाटा दिला, हिशेब संपला. माणसाला शिकवलं आणि त्याच्या कमाईवर वाटा ठेवला तर तो हिशेब कधी संपणार? जन्मभर? मग तो माणूस शिकून मोकळा झाला कुठं? सावकाराच्या वहीतनं निघाला आणि घरच्या वहीत अडकला. शिक्षण देऊन आपण त्याला पंख दिले म्हणायचं आणि पायात दोरी ठेवायची, याला काही अर्थ नाही.

हे फक्त मनात आलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आमच्या गावची दहा-बारा पोरं आज पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचं, अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून खुर्ची धरायची, मेसचा एक डबा दोघांत खायचा. एक वर्ष, दोन वर्षं, सहा वर्षं. जागा शेकड्यांत आणि बसणारे लाखांत. थोडे लागतात, बाकीचे नाहीत. ज्यांचं झालं नाही ते तिशी गाठतात आणि तरी गावी येत नाहीत. दिवाळीलासुद्धा नाही. एकाच्या बापाला मी म्हटलं, पोराला घरी बोलव, रान बघू दे, डेअरी टाकू दे. बाप म्हणाला, “मी कवाच बोलावलंय. त्योच येत न्हाई. म्हनतो, कंच्या तोंडानं येऊ?” बापानं एक एकर विकलेला आहे. त्यानं पोराला कधी बोलून दाखवलं नाही, पण पोराला तो एकर रोज दिसतो. घरानं केलेल्या खर्चाचं ओझं असं असतं. पास झालेल्याला ते पगारातनं फेडता येतं, नापास झालेल्यानं काय करायचं? आपण जेव्हा ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ म्हणतो तेव्हा आपण पोराची परतीची वाट बंद करतो. १९३० चा कायदा कोर्टात आला, घरात अजून यायचा आहे, असं मला वाटतं.

तर माझं मत असं ठरलं की भावाची कमाई भावाची. शिक्षण वाटणीत धरायचं नाही. शिवाय जो मागं राहतो त्याला काहीच मिळत नाही, हेही खरं नाही. आईच्या शेवटच्या आठ वर्षांत तिच्या उशाशी मी होतो, तो फोनवर होता. आपल्या बांधावर उभं राहून आपलं आभाळ बघायचं सुख मला मिळालं. त्याला ते मिळालं नाही, आणि ते त्याला सलतं हे मला माहीत आहे.

मात्र कायद्यानं एवढंच सांगितलं की पैसा कुणाचा. देणं कुणाचं आणि कुणाला, हे कायदा सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं. आणि ते ठरवायचं तर आधी हे पाहावं लागतं की खर्च नक्की कुणी केला.

आपण म्हणतो, बापानं शिकवलं. माझ्या बापाचं नाव घेऊन लोक आजही म्हणतात, “खडी फोडून पोराला शिकवलं.” खरं आहे. पण भाकरी कुणी थापल्या? हे घरातलं झालं. घराबाहेरचंही तसंच आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं, त्यात त्यांनी हेच मांडलं होतं, की सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो बहुतेक रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या पोरांसाठी. म्हणजे ज्यांनी कधी शाळा पाहिली नाही त्यांनी शाळेचा खर्च केला. आजही कॉलेजची इमारत, प्राध्यापकाचा पगार, ई.बी.सी.ची फी ज्या पैशातनं जाते, तो पैसा काडेपेटी विकत घेणारी शेतमजूर बाईसुद्धा भरते. तिचं पोर त्या कॉलेजात असतंच असं नाही.

आणि काहींनी तर नातं नसताना खर्च केला. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढं १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका ठिकाणी राहायची, एका पंगतीला जेवायची, हातानं काम करून शिकायची. एकदा बोर्डिंगात पोरांना खायला काही नव्हतं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट आमच्या भागात पोराटोरांना ठाऊक आहे. त्या पोरांच्या कमाईत लक्ष्मीबाईंचा वाटा किती? जुन्या शास्त्राप्रमाणं शून्य. ते परक्याचं अन्न. पण कुणाही शहाण्या माणसाला विचारा, सगळ्यात मोठं देणं ह्याच अन्नाचं असतं.

अशा अन्नाचं देणं कसं फेडतात, ते बाबासाहेबांकडं पाहून कळतं. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेला शिकायला शिष्यवृत्ती दिली. करार होता. शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. बाबासाहेब कराराप्रमाणं १९१७ साली बडोद्याला गेले. पण एवढ्या मोठ्या शहरात त्या विद्वान माणसाला जातीपायी राहायला जागा कुणी दिली नाही, आणि त्यांना परत यावं लागलं. करार कागदावर राहिला. मग ते देणं बुडालं का? १९४६ साली त्यांच्या संस्थेनं मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, ते आजचं मिलिंद. मराठवाड्यातल्या ज्या घरांत पाटी कधी आली नव्हती त्या घरांतली पोरं तिथं पदवीधर झाली. देणं बडोद्याला द्यायचं होतं, ते नागसेनवनात पोहोचलं. मला वाटतं, महाराजांनाही याहून चांगली फेड मागता आली नसती.

यावरून मला जे उमगलं ते असं. विद्येचं देणं पैशात मोजू नये, आणि ते ज्यानं दिलं त्यालाच परत करायचं असंही नाही. ते मागं राहिलेल्यांच्या पोरांना द्यायचं असतं. आणि काय द्यायचं? जी वाट आपण ठेचा खात शोधली ती दाखवायची.

ही वाट दाखवण्याची गोष्ट साधी वाटते, पण आज तीच सगळ्यात महाग झाली आहे. आमच्या वेळी एक दाखला आणि एक डबा, एवढ्यावर कॉलेज व्हायचं. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. कॉलेजं गावाजवळ आली हे खरं, जागा वाढल्या हेही खरं. पण फी अशी झाली की एकराच्या भाषेत बोलावं लागतं. सरकारच्या सवलती नाहीत असं नाही, पुष्कळ आहेत. शिष्यवृत्ती आहे, शुल्क योजना आहे, वसतिगृह नाही मिळालं तर भत्ता आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना इंजिनिअरिंगसारख्या शिक्षणाची फी पूर्ण माफ झाली आहे. पण ह्या सगळ्या सवलती कुलपाच्या आत आहेत आणि किल्ली कागदांची आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रीमी लेअर, जातवैधता. महाडीबीटीवर अर्ज, बँकेच्या खात्याला आधार जोडलेलं. प्रवेशाच्या कॅप राउंडला कॉलेजांची नावं कुठल्या क्रमानं टाकायची, पहिल्या राउंडला जागा मिळाली तर घ्यायची का थांबायचं. एका तारखेला चुकलं तर एक साल गेलं. ज्या घरात कुणी आधी गेलेलं आहे त्या घरात हे जेवताना बोलण्यात मिटतं. ज्या घरात कुणी गेलेलं नाही त्या घरातली पोरगी तालुक्याच्या इंटरनेटवाल्यापुढं उभी राहते, आणि तो शंभर रुपये घेऊन त्याच्या मनाला येईल ते भरतो. हुशारीत दोघी सारख्या. फरक एवढाच, की एकीच्या घरात वाट माहीत असलेला माणूस आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक शेतमजुराचं घर आहे. नवरा-बायको दोघं रोजानं जातात. त्यांची पोरगी २०२४ साली बारावी झाली, सीईटीला चांगले गुण पडले. तिच्या बापानं मला विचारलं, “आबा, ह्येचं काय करायचं असतं?” मला काय ठाऊक? मी माझ्या पोरीला फोन लावला. तिनं नोकरीवरनं आल्यावर रोज रात्री तासभर त्या पोरीशी बोलून सगळं करून घेतलं. कुठला दाखला आधी काढायचा, कुठला अर्ज दिलेल्या पावतीवर चालतो, कुठल्या कॉलेजचं नाव वर टाकायचं. ती पोरगी आता कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या पोरीचा ह्यात एक रुपया गेला नाही.

आणि आमच्या पोरीला हे कुठनं आलं? २००६ साली तिची बारावी झाली तेव्हा माझ्या भावानं तिला पुण्याला नेलं. चार वर्षं ती त्यांच्या दोन खोल्यांत राहिली. त्यांची स्वतःची दोन पोरं होती. माझ्या भावजयीनं चार वर्षं सकाळी उठून तिला डबा करून दिला. आमच्याकडनं पाच वर्षं डबा साताऱ्याला गेला, आणि पंचवीस-तीस वर्षांनी तो पुण्यात आमच्या पोरीला मिळाला. मी तो वहीत जमा धरलेला नाही. पण पारावरच्या माणसांनी ‘विद्या वाटणीत धर’ म्हटलं तेव्हा मला हा डबा आठवला, आणि मी म्हटलं, धरायचीच तर त्याच्या बायकोच्या भाकरीसुद्धा धराव्या लागतील. मग गप्प बसले.

आता राहिली आमची बहीण. ह्या सगळ्या हिशेबात अवघड जागा तीच आहे.

तिचं लग्न १९८३ साली झालं. १९९४ साली महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क मिळाला, पण तो आधी लग्न झालेल्यांना नव्हता. २००५ च्या कायद्यानं सगळ्याच मुलींना मिळाला. कायद्यात मिळाला. गावात काय होतं तर वाटणीच्या वेळी बहिणीला बोलावतात, साडीचोळी करतात, आणि हक्कसोड पत्रावर सही घेतात. ती सही करते, कारण माहेर तुटू नये. सही केली की ती चांगली बहीण.

आम्ही तिला बोलावलं. ती आली, जेवली. मग भावाकडं आणि माझ्याकडं बघून शांतपणानं म्हणाली, “माझा शाळंतला वाटा डब्यात गेला. त्याचं मला काय वाटत न्हाई, भावानं चीज केलं. पर रानातला वाटा मी सोडायची न्हाई.”

तिच्या आवाजात राग नव्हता. भाऊ खाली बघत राहिला. मी विचार केला, हिचं काय चुकलं? विद्या वाटली गेली तेव्हा हिला दिली नाही, कारण पोरीच्या जातीला काय करायचीय. रान वाटायचं तेव्हा हिला द्यायचं नाही, कारण पोरीची जात परक्या घरची. म्हणजे देताना दोन्ही वेळा ती हात देणारी आणि घेताना दोन्ही वेळा ती परकी. असा न्याय बैलालासुद्धा कुणी करत नाही. बैलाला निदान सुगीत तोंड घालू देतात. नऊ एकराचे तीन वाटे झाले, तीन-तीन एकर. विहिरीतही तिचा वार धरला. गावात लोक बोलले, अजून बोलतात. म्हणतात, बहिणीनं भावाचं रान घेतलं. मी म्हणतो, भावाचं नाही, बापाचं घेतलं.

तिचे तीन एकर मीच बटईनं करतो. सुगी झाली की अर्धा वाटा तिला पोहोचवतो. गेल्या दोन वर्षांपासून ते पैसे कोल्हापुरात हॉस्टेलवर असलेल्या तिच्या नातीच्या मेसला जातात. नातीला जमिनीतलं काही कळत नाही. एकदा सुट्टीत ती आजीबरोबर आली होती. मी तिला रानात नेलं आणि बांधावरून दाखवलं, इथपासून त्या बाभळीपर्यंत. म्हटलं, तू खातेस ती भाकरी इथली. पोरगी थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, “आजी किती शिकलीय?” मी म्हटलं, सातवी. ती काही बोलली नाही. पण मला वाटतं तिला काहीतरी कळलं, कारण परत जाताना आजीची पिशवी तिनं आपल्या हातात घेतली.

आजकाल गावातलं पोर शिकायला निघालं की आई-बाप त्याला माझ्या पाया पडायला घेऊन येतात, थोरला माणूस म्हणून. पूर्वी मी म्हणायचो, मोठा हो, नाव काढ. आता मी दोन गोष्टी सांगतो. एक, तुझी कमाई तुझी, घरच्या खर्चाचं ओझं डोक्यावर घेऊन परीक्षेला बसू नको. झालं तर बरं, नाही झालं तर घराचं दार उघडं आहे. दुसरी, तुझ्यापायी घरातलं कोण मागं राहिलं ते नीट बघून जा. बाप नको बघू, बापाचं नाव सगळेच घेतात. चुलीपुढं कोण आहे ते बघ. उद्या तिच्या पोराला किंवा पोरीला वाट विचारायची वेळ आली, तर तुझा फोन लागला पाहिजे.